पांडवलेणी अर्ध्या तासात होत नाहीत

सुट्ट्या लागल्या की नाशिकच्या सहलीचा एक मजकूर व्हॉट्सअॅपवर हमखास फिरू लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: नाशिकजवळच्या डोंगरावरची पांडवलेणी पांडवांनी वनवासात एका रात्रीत कोरली. आत रिकाम्या खोल्यांशिवाय काही नाही, त्यामुळे अजिंठा पाहिलेल्यांनी वेळ घालवू नये. जायचंच तर दुपारी जावं, आत गारवा असतो. अर्ध्या तासात उरकून त्र्यंबकला निघावं आणि वयस्कर माणसांना वर नेऊ नये. हे वाचून आलेली कुटुंबं धापा टाकत वर पोचतात, दोन फोटो काढतात आणि ‘काही नाही हो इथं’ म्हणत उतरतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पांडवांचं आधी पाहू. महाराष्ट्रात जुन्या लेण्यांना पांडवांचं नाव अनेक ठिकाणी चिकटलंय, ते लोकांच्या श्रद्धेतून आलंय आणि त्या नावाशी माझं भांडण नाही. पण लेणी कोणी कोरून घेतली याचा अंदाज बांधायची इथे गरजच नाही, करवून घेणाऱ्यांनी ते भिंतीवर लिहून ठेवलंय. 19 क्रमांकाच्या लेण्यातला ब्राह्मी लेख सांगतो की सातवाहन कुळातला कण्ह राजा असताना नाशिकच्या महामात्राने, म्हणजे श्रमणांची (भिक्षूंची) व्यवस्था पाहणाऱ्या अधिकाऱ्याने, हे लेणं करवलं. ही इसवी सनापूर्वीची गोष्ट. 18 क्रमांकाच्या चैत्यगृहावर, म्हणजे प्रार्थनेच्या लेण्यावर, धंभिक गावाच्या दानाची नोंद आहे. एका गावाने मिळून दिलेलं दान! 17 क्रमांकाचं लेणं उत्तरेकडून आलेल्या इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाचं, म्हणजे ग्रीकाचं. त्रिरश्मी डोंगरावरची ही 24 बौद्ध लेणी काही शतकं कोरली जात होती. एका रात्रीत उरकली म्हटलं की या सगळ्या माणसांची नावंच पुसली जातात.

आता ‘रिकाम्या खोल्या’. या वाक्याने सर्वांत जास्त नुकसान केलंय. 10 क्रमांकाच्या लेण्यात शिरण्याआधी पडवीत थांबा आणि मागच्या भिंतीवर, छताच्या खाली पाहा. अक्षरांच्या ओळी भिंतभर गेल्या आहेत. हे लेणं उषवदाताचं, क्षहरात घराण्यातल्या नहपान या क्षत्रपाच्या (शक राज्यकर्त्याच्या) जावयाचं. त्याने भिक्षूंसाठी 3,000 कार्षापणांची (त्या काळच्या नाण्यांची) कायम ठेव ठेवली, ती नाशिकजवळच्या गोवर्धनातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघांकडे. 2,000 दरमहा शेकडा एक व्याजाने, 1,000 दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. पहिल्या ठेवीच्या व्याजातून इथे वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यातल्या मुक्कामाला, राहणाऱ्या 20 भिक्षूंना चीवरासाठी (वस्त्रासाठी) प्रत्येकी 12 कार्षापण. हिशेब करून बघा: 2,000 वर महिन्याला 20, वर्षाला 240, वीस जणांत वाटले की बरोबर बारा. जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वीचा ताळेबंद आजही पैशाला पैसा जुळतो. ठेव सांभाळत होते ते गोदाकाठचे विणकर. हे वाचल्यावर आतल्या सोळा खोल्या रिकाम्या वाटत नाहीत. इथे कोण झोपत होतं आणि त्याच्या अंगावरच्या कापडाचा पैसा कुठून येत होता, हे आपल्याला ठाऊक असतं.

तसंच 3 क्रमांकाचं. बाहेरच्या खांबांखाली तुळया खांद्यावर घेतलेले गण (भार वाहणाऱ्या मूर्ती) आहेत, दारावर तोरणाचं कोरीवकाम आहे. पडवीच्या मागच्या भिंतीवर गौतमी बलश्रीचा लेख. मुलाच्या, गौतमीपुत्र सातकर्णीच्या, मृत्यूनंतर नातू पुळुमावीच्या 19 व्या वर्षी या आईने तो लिहवून घेतला. ज्याची वाहनं तीन समुद्रांचं पाणी प्यायली, ज्याने क्षहरातांचा वंश निर्मूळ केला, असं ती मुलाबद्दल सांगते. याच लेण्यात गौतमीपुत्राच्या आज्ञाही आहेत. भिक्षूंना दिलेलं शेत कसलं जात नाही, गाव ओस पडलंय, म्हणून त्याऐवजी नगराच्या सीमेवरची 100 निवर्तनं (जमिनीचं जुनं माप) जमीन द्या, असा दुरुस्तीचा हुकूम त्याच्या 24 व्या वर्षी निघाला. एवढा मोठा राजा, पण दिलेलं दान उपयोगी पडत नाही हे कळल्यावर ते बदलून देतो. मला या लेण्यातली ही ओळ सर्वांत प्रिय आहे.

अजिंठ्याशी तुलना लावायची तर काळ लक्षात घ्यावा. तिथली जगप्रसिद्ध चित्रं बहुतांशी पाचव्या शतकातली. त्रिरश्मीवरची मुख्य लेणी त्याआधी दोन-तीनशे वर्षं पुरी झाली होती. अजिंठ्याला चित्रं पाहायची, इथे लेख वाचायचे. एक पाहिलं म्हणून दुसरं होत नाही.

दुपारचा सल्ला तर चुकीचाच. लेण्यात गारवा असतो हे खरं, पण चढ उघड्यावर आहे आणि उन्हाळ्यात दगड तापतो. सकाळी लवकर जा, पाणी बरोबर ठेवा. पावसाळ्यात डोंगर देखणा दिसतो, मात्र दगड निसरडे होतात, चपला चांगल्या घाला.

वयस्करांबद्दल मजकुरात थोडं तथ्य आहे. गुडघ्यांचा त्रास असेल तर पायऱ्या जड जातात आणि दुसरा सोपा रस्ता नाही. पण चालतीफिरती आजी टेकत टेकत नक्की वर येते. तिला घरी ठेवून येऊ नका.

आणि वेळ? किमान दोन-अडीच तास हाताशी ठेवा. आधी 19, मग 18, मग 10 आणि शेवटी 3, असा क्रम लावला तर काळाच्या ओघात पाहिल्यासारखं होतं. 20 क्रमांकाच्या गाभाऱ्यातली मोठी बुद्धमूर्ती नंतरच्या काळातली, तीही बघा. उंचावरच्या ओळींसाठी मोबाइलचा झूम पुरतो, भिंतीला हात लावू नका. निघण्याआधी लेखांचं मराठी भाषांतर मोबाइलमध्ये उतरवून घ्या आणि पडवीत उभं राहून मुलांना मोठ्याने वाचून दाखवा. उतरल्यावर पायथ्याशी बुद्धविहार आणि फाळके स्मारक आहे, त्यात सकाळ जाते. त्र्यंबक दुसऱ्या दिवसावर ठेवा.