डोंगर फोडायचाय? आधी ओहोळाचा बंदोबस्त करा

डोंगर भाडेपट्ट्याने मिळाला? अभिनंदन. 2027 चा सिंहस्थ तोंडावर आहे, रस्ते होणार, रस्त्याला खडी लागणार. नाशिकच्या आसपास यापेक्षा पुण्याचं काम दुसरं नाही. अडचण एकच. डोंगरावर पाऊस पडतो, आणि पडलेलं पाणी खाली येतं.

कोळसा खाणवाल्यांचं बघून बिघडू नका. डोंगरउतारावर खाण असली की ते वरच्या अंगाला वळसा घालून चर खणतात आणि स्वच्छ पाणी बाहेरच्या बाहेर ओढ्याला लावतात. खाणीतलं गढूळ पाणी तळ्यात कोंडून गाळ बसू देतात, मग सोडतात. निदान आराखड्यात तरी तसं असतं. कोळशाच्या थरात गंधकाची खनिजं असली तर हवा-पाणी लागून आम्ल होतं, ओढा तांबडा वाहतो, आणि आंधळ्यालाही कळतं. आपला सह्याद्री लाव्ह्याचा, काळ्या पाषाणाचा. कोळसा औषधालाही नाही. एकलहऱ्याच्या वीज केंद्रालासुद्धा तो बाहेरून आणावा लागतो. आपला ओहोळ फार तर राखाडी होतो, आणि पावसाळ्यात गढूळ पाण्याकडे बघतो कोण?

नकाशात ओहोळ दाखवूच नका. जागेची पाहणी मार्चमध्ये ठेवा. साहेब कोरड्या घळीत उभे राहून विचारतील, "इथे पाणी?" तुम्ही फक्त हसा आणि चहा मागवा.

वरची माती-मुरूम त्याच घळीत लोटा. हायवा डंपरच्या फेऱ्या वाचतात, वर रस्ताही तयार होतो. खाली नऊ इंची सिमेंटचा पाइप टाकला की कायदा खूश. आषाढात तो पाल्यापाचोळ्याने तुंबेल, भराव फुटेल, मुरूम थेट खालच्या भातखाचरात जाईल. त्याला अतिवृष्टी म्हणायचं. पंचनामा तलाठी करतो, तुम्हाला कष्ट नाहीत. क्रशरची भुकटीही त्याच वाटेने उतरते, आवणावर, म्हणजे लावलेल्या भाताच्या रोपांवर, बसते आणि वाळली की पापुद्रा धरते. बोट घातलं तर नख मोडेल. शेतकरी भांडायला आलाच तर सांगा, बेसॉल्टचा चुरा जमिनीला चांगला असतो. शास्त्रज्ञही म्हणतात. किती आणि कसा घालायचा तेही ते सांगतात, पण तेवढं कशाला बोलायचं?

झऱ्याचं प्रकरण जरा नाजूक आहे. पाणी भेगाळ थरातून मुरतं, खालच्या अखंड कातळावर अडतं आणि उताराला झिरपतं. सुरुंगाने भेगा हलल्या, वरचा थर कापला गेला, की पाणी वाट सोडतं. मग पाड्यावरची एखादी मावशी हंडा घेऊन दारात येते.

"शेठ, झिरा मे महिन्यापर्यंत पुरायचा. औंदा होळीलाच आटला."

"मावशी, पाऊसच कमी झालाय."

त्र्यंबक-इगतपुरीच्या पट्ट्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास, कुठे त्याहूनही जास्त पाऊस पडतो, हे तिथे उच्चारू नका.

मुरायचं थांबलेलं पाणी घाईने खाली धावतं. नाशिककर ज्याच्यावरून पूर मोजतात त्या गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की शहर धरणाच्या विसर्गाचे आकडे वाचत बसतं. तुमचा डोंगर त्या आकड्यांत नसतो.

उन्हाळ्यात टँकर सुरू करा. पाणी शोधायची गरज नाही, खाणीचा खड्डा ऑगस्टपासून तुडुंब आहे. मावशीकडून पैसे घेऊ नका, बरं दिसत नाही. बिल ग्रामपंचायतीकडे लावा.