'बाई, हा फोटो कोणी काढला?'

आठवीच्या वर्गात हा प्रश्न आला, तेव्हापासून याबद्दल लिहायचं लिहायचं म्हणतेय.

धडा चापेकर बंधूंचा होता. 22 जून 1897, पुण्यातली गणेशखिंड, प्लेगच्या बंदोबस्ताचा अधिकारी रँडवर गोळ्या. तारीख फळ्यावर लिहायची, मुलांनी पाठ करायची, पेपरात उतरवायची आणि विसरायची. पंधरा वर्षं मी तसंच शिकवलं. या वेळी लंडनच्या वेलकम कलेक्शनने नेटवर खुले केलेले मुंबईच्या 1896-97 च्या प्लेगचे फोटो आदल्या रात्री मोबाइलवर उतरवून घेतले. शाळेत रेंज मिळत नाही, म्हणून सकाळी झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढल्या. चौघांत एक.

एका फोटोत प्लेगची घरं बंबाने धुताहेत. मुलं वाकून वाकून बघत होती. करोनात गल्लीत झालेली फवारणी त्यांना लगेच आठवली, तेव्हा ती दुसरी-तिसरीत असतील. आणि एरवी तासाला तोंड न उघडणाऱ्या एका मुलीने विचारलं, "बाई, हा फोटो कोणी काढला?"

मग पुढचा सगळा तास त्यावरच गेला. हे फोटो सरकारी बंदोबस्ताचे. म्हणजे कॅमेरा घर धुणाऱ्यांच्या बाजूला उभा आहे. ज्याचं घर धुतलं जातंय, त्याने कॅमेरा धरला असता तर काय टिपलं असतं? पुण्यात मार्च ते मे 1897 मध्ये गोरे सोल्जर घरोघर शिरले, माणसं बाहेर काढली, त्यावरून लोक पेटले. तो राग या फोटोंत कुठेच नाही. त्यासाठी त्या वेळचा 'केसरी' उघडावा लागतो. एकाच साथीचे दोन साक्षीदार, आणि दोघांचं एकमेकांशी पटत नाही. इतिहास शिकवायचा म्हणजे मुलांना इथे आणून उभं करायचं, असं मला आता मनापासून वाटतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या सालाची कागदी पट्टी केली. 10 जानेवारीला मुंबईत हाफकिनने प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. 10 मार्चला प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई गेल्या. 22 जूनला रँडवर हल्ला. मुलांना ही तिन्ही नावं माहीत होती, पण एक विज्ञानातलं, एक जयंतीच्या भाषणातलं आणि एक क्रांतिकारकांच्या धड्यातलं. "सगळं सहा महिन्यांत?" असं एकजण केवढ्यांदा ओरडला!

सहकारी म्हणतात, पोर्शन कधी संपणार? आणि मोबाइलची सवय तुम्हीच लावताय. पोर्शनची काळजी मलाही आहे, दोन तास जास्तीचे गेलेच. पण मोबाइल मुलांच्या हातात आधीच आहे, आणि इतिहास तिथे रोज शिकवला जातोय. ढोल-ताशांच्या पार्श्वसंगीतावर, छातीठोकपणे, पुराव्याशिवाय. बंगालच्या 1943 च्या दुष्काळाचा म्हणून हाडाच्या सापळ्यांसारख्या माणसांचा एक फोटो फिरत असतो. आमच्या वर्गातही एकाने तो दाखवला. फोटोवरून शोध घ्यायची सोय आहे, ती वापरून मुलांनीच मूळ गाठलं: मद्रास इलाख्यातला 1876-78 चा दुष्काळ, फोटो काढणारा हूपर नावाचा ब्रिटिश लष्करी अधिकारी. जवळजवळ सत्तर वर्षांचा फरक. दुष्काळ दोन्ही खरे, माणसं खरी, आणि म्हणूनच त्यांचं दुःख चुकीच्या नावावर खपवणं मला सहन होत नाही. हे मुलांना आपण नाही शिकवायचं तर कोणी?

व्हिडिओ लावून मागे बसणं म्हणजे नेटवरून इतिहास शिकवणं नव्हे, एवढं मात्र माझ्या शिक्षक मित्रमैत्रिणींना हात जोडून सांगेन. एक फोटो घ्या, गॅझेटिअरमधलं, म्हणजे सरकारने छापलेल्या जिल्ह्याच्या माहितीच्या ग्रंथातलं, आपल्या तालुक्याचं एक पान घ्या. जुनी गॅझेटिअर नेटवर फुकट आहेत. एक पान पुरतं.

परवा एका मुलाने वही आणून दिली. गाठीच्या रोगात, म्हणजे प्लेगात, अख्खं गाव रानात झोपड्या घालून राहिलं होतं, हे त्याने आजीकडून लिहून आणलं होतं. मी न सांगता खाली दोन ओळी होत्या: "सांगणारी: माझी आजी. तिला सांगणारी: तिची सासू."