‘डे फाइव्हची वाट पाहिली आणि सगळं गेलं’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुमची प्रतिक्रिया परवा रात्रीच वाचली, पण लगेच लिहायला हात धजावला नाही. आयव्हीएफवरचा (टेस्ट ट्यूब बेबीवरचा) माझा लेख वाचून तुम्ही डॉक्टरांकडे ‘डे फाइव्ह’चा, म्हणजे लॅबमध्ये पाच दिवस वाढवलेला भ्रूणच आत ठेवण्याचा, हट्ट धरलात. तिसऱ्या दिवशी तीन भ्रूण होते. पाचव्या दिवशी सकाळी फोन आला, ट्रान्स्फरसाठी, म्हणजे गर्भपिशवीत ठेवायला, एकही उरला नाही. तुम्ही विचारलंत, ‘तिसऱ्यालाच दोन ठेवले असते तर? तुम्ही लॅबमध्ये बसून टक्के सांगता, रिकाम्या हाती घरी आम्ही जातो.’

तसले फोन मीही करते. ते कधीच सवयीचे होत नाहीत.

चूक माझी आहे, ती आधी सांगते. ‘ब्लास्टोसिस्टला (पाचव्या दिवसापर्यंत वाढलेल्या भ्रूणाला) यश जास्त’ असं मी लिहिलं, पण ‘दर ट्रान्स्फरमागे’ हे शब्द गाळले. ज्यांचा ट्रान्स्फरच झाला नाही त्या बायका या हिशोबात धरल्याच जात नाहीत. तुम्ही त्यांतल्याच.

खरा हिशोब एका एग पिकअपचा, म्हणजे अंडाशयातून बीजं काढण्याच्या एका खेपेचा: त्यातून मिळालेले ताजे आणि गोठवलेले सगळे भ्रूण वापरून शेवटी बाळ झालं का? नेदरलँड्समधल्या बाराशे बायकांच्या चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. पहिल्या ताज्या ट्रान्स्फरनंतर बाळ झालं ते डे फाइव्ह गटात ३७ टक्के जणींना, डे थ्री गटात २९ टक्के जणींना. पण गोठवलेले भ्रूणही मोजले तर आकडे ५८.९ आणि ५८.४, म्हणजे जवळपास सारखेच. पाचव्या दिवसाने ट्रान्स्फरच्या फेऱ्या वाचल्या, बाळं वाढली नाहीत. शिवाय त्या चाचणीत दुसऱ्या दिवशी किमान चार भ्रूण असलेल्याच बायका होत्या. तीन भ्रूणांवर त्या आकड्यांचा आग्रह धरायला मी सुचवायलाच नको होतं.

आता तुमचं जे मला पटत नाही ते. ‘लॅबने जगणारे भ्रूण मारले’ असं तुम्ही लिहिलंत. तिसऱ्या दिवसापर्यंत भ्रूण बराचसा आईच्या बीजातल्या शिदोरीवर चालतो. चार ते आठ पेशींच्या सुमारास त्याची स्वतःची जनुकं कामाला लागतात, आणि बापाकडून आलेला वाटाही तेव्हाच खऱ्या अर्थाने कामात उतरतो. पुष्कळ भ्रूण नेमके याच वळणावर थांबतात. आत ठेवले असते तरी त्यांतले बहुतेक थांबलेच असते, फक्त ते आपल्याला दिसलं नसतं. मात्र ‘बहुतेक’ म्हणजे ‘सगळे’ नव्हे. इनक्युबेटर कितीही चांगला असला तरी तो गर्भपिशवी नाही, आणि जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी लुईस ब्राउन १९७८ मध्ये जन्मली ती आठ पेशींचा भ्रूण आत ठेवूनच. तेव्हा तुमच्या तिघांपैकी एखादा आत तगला असता का, याला मी छातीठोकपणे ‘नाही’ म्हणणार नाही.

‘पाचव्यापर्यंत गर्भपिशवीचं अस्तर पुढे निघून जातं’ हे तुमचं म्हणणं मात्र खरं नाही. भ्रूणाचं वय आणि अस्तराचं वय जुळायला हवं, इतकंच. ताज्या सायकलमध्ये दोघांचं घड्याळ पिकअपपासूनच चालू होतं. गोठवलेल्यात म्हणूनच तिसऱ्या दिवसाचा भ्रूण साधारणपणे प्रोजेस्टेरॉनच्या (अस्तर तयार करणाऱ्या संप्रेरकाच्या) चौथ्या दिवशी ठेवतात आणि पाचव्या दिवसाचा सहाव्या. निसर्गात तर तिसऱ्या दिवशी भ्रूण अजून नलिकेतच असतो.

पुढच्या वेळी जाल तेव्हा दोन गोष्टी विचारा. फलित झालेल्या बीजांपैकी तुमच्या लॅबमध्ये किती ब्लास्टोसिस्टपर्यंत पोचतात? आणि तिसऱ्या दिवशी दोन-तीनच भ्रूण उरले तर त्यांचा बेत काय? दुसऱ्याचं उत्तर पिकअपच्या आधीच ठरवून घ्या, त्या दिवशी फोनवर नको. जुन्या फाइलमधली तिसऱ्या दिवसाची ग्रेडिंगची (भ्रूणांच्या दर्जाची) नोंदही मागून घ्या. ती तुमचीच आहे.

त्या लेखातलं वाक्य आज दुरुस्त केलंय. खाली तुमची प्रतिक्रिया जशीच्या तशी ठेवली आहे.