खुलासा : साक्षीदाराची खात्री आणि ओळख परेड

‘साक्षीदार न्यायालयात छातीठोकपणे बोट दाखवतो, तेव्हा ओळख चुकत नाही’ असा मजकूर बेळगाव, खानापूर व निपाणी भागातील व्हॉट्सॲप गटांत फिरत आहे. तो खरा नाही. (खात्रीला काहीच किंमत नसते, हे त्यावरचे उत्तरही चुकीचेच.) निःपक्षपातीपणे घेतलेल्या पहिल्या ओळख परेडीत (संशयिताला इतरांमध्ये उभे करून साक्षीदाराला ओळखायला सांगणे), कोणी काही सुचवण्यापूर्वी व्यक्त झालेली खात्री अचूकतेशी बरीच जुळते, पुढे पोलिसांची शाबासकी, वर्तमानपत्रातील छायाचित्र आणि गावातील चर्चा यांमुळे ती वाढते, स्मृती मात्र सुधारत नाही. अमेरिकेतील रोनाल्ड कॉटन यांना १९८४ च्या गुन्ह्यात पीडितेने न्यायालयात ठामपणे ओळखले. १९९५ मध्ये डीएनए चाचणीने ते निर्दोष ठरले. पोलिसांनी दाखवलेल्या छायाचित्रांतून तिने प्रथम त्यांचे छायाचित्र निवडले तेव्हा मात्र ती बराच वेळ घुटमळली होती.