अनिता व्लोदार्चिकचं लंडनमधलं सोनं

"उशिरा का होईना, न्याय मिळाला." उत्तेजक घेतलेल्या खेळाडूचं पदक काढून ते खऱ्या विजेत्याला दिल्याची बातमी आली की खाली हे वाक्य हमखास वाचायला मिळतं. मला ते कधीच पटलेलं नाही. का पटत नाही, हे अनिता व्लोदार्चिकच्या कारकिर्दीकडे पाहिलं की कळतं.

आपल्याकडे फार कमी जणांना हे नाव माहीत असेल. ही पोलंडच्या रावीच गावात 1985 साली जन्मलेली हातोडाफेकपटू. लंडन, रिओ, टोकियो अशी सलग तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं तिच्याकडे आहेत. ॲथलेटिक्सच्या एकाच वैयक्तिक प्रकारात असं करणारी ती पहिली स्त्री. शिवाय चार जागतिक अजिंक्यपदं. 80 मीटरच्या पलीकडे हातोडा फेकणारी पहिली स्त्रीसुद्धा तीच, 2015 मध्ये, 81.08 मीटर. वर्षभराने वॉर्सात तिने 82.98 मीटरचा विश्वविक्रम केला, तो अजून तिच्याच नावावर आहे. माझ्या मते ती या खेळातल्या सर्वकालीन महान खेळाडूंपैकी एक आहे, आणि तिची फेक टीव्हीवर दोन शर्यतींच्या मधल्या फटीत दाखवतात, तीही दाखवली तर.

खरं तर बघण्यासारखा प्रकार आहे हा. धातूचा गोळा, त्याला तार आणि टोकाला मूठ; सगळं मिळून वजन चार किलो आणि लांबी साधारण एकशेवीस सेंटीमीटर. उभं राहायला जेमतेम 2.135 मीटर व्यासाचं वर्तुळ. त्यातल्या त्यात चार गिरक्या घ्यायच्या, प्रत्येक गिरकीला वेग वाढवत न्यायचा, गोळा बाहेर ओढत असताना स्वतःचा तोल मागे टाकून धरायचा आणि नेमक्या क्षणी सोडायचा. पाय वर्तुळाबाहेर पडला की फेक बाद. नुसत्या ताकदीचा खेळ समजणाऱ्यांनी तिच्या पायांकडे एकदा बघावं.

पुरुषांची हातोडाफेक ऑलिंपिकमध्ये 1900 पासून आहे. बायकांना मात्र 2000 सालच्या सिडनीपर्यंत थांबावं लागलं. तिथलं पहिलंवहिलं सुवर्ण जिंकलं पोलंडच्याच कामिला स्कोलिमोव्स्काने, वयाच्या सतराव्या वर्षी. फेब्रुवारी 2009 मध्ये पोर्तुगालमधल्या सराव शिबिरात कामिला अचानक गेली. सव्वीस वर्षांची होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्लिनला अनिताने 77.96 मीटरचा विश्वविक्रम करून जागतिक अजिंक्यपद जिंकलं, आणि त्या आनंदात धावताना घोटा दुखावून घेतला. कामिलाचा हातमोजा घालून ती पुढे कित्येक वर्षं फेकत राहिली. 82.98 ची ती फेकही वॉर्सात कामिलाच्या स्मरणार्थ भरणाऱ्या स्पर्धेतलीच.

आता लंडन. 2012 च्या त्या अंतिम फेरीत रशियाच्या तात्याना लिसेंकोने 78.18 मीटर फेकलं, अनिताने 77.60. अनिताला रौप्य. पुढच्या वर्षी मॉस्कोतल्या जागतिक स्पर्धेत, लिसेंकोच्या घरच्या प्रेक्षकांसमोर, पुन्हा तेच: 78.80 विरुद्ध 78.46. चौतीस सेंटीमीटरने दुसरी! लिसेंकोवर त्याआधी 2007 मध्ये दोन वर्षांची बंदी येऊन गेलेली होती, हे विसरू नका. 2016 मध्ये लंडनचे जपून ठेवलेले नमुने पुन्हा तपासले, त्यात स्टेरॉइड सापडलं, आणि लंडनचं सोनं अनिताचं झालं. पुढे मॉस्कोचंही.

पण त्या चार वर्षांचं काय? लंडनच्या भरलेल्या स्टेडियममध्ये राष्ट्रगीत वाजलं ते रशियाचं. 2012 ते 2016 अनिता जगाच्या लेखी लंडनची उपविजेती होती. प्रायोजक, मानधन, वर्तमानपत्रातली जागा, सगळं त्या हिशोबाने ठरतं. त्याच फेरीत तिसरी आलेली जर्मनीची बेट्टी हाइडलर खरी रौप्यपदकाची मानकरी. चौथी आलेली चीनची झांग वेनश्यू तर त्या रात्री पदकाविना घरी गेली. यातलं काय परत करता येतं? धातूची चकती तेवढी परत येते.

बीजिंगचंही तसंच. 2008 मध्ये अनिता सहावी आली होती. नंतर बेलारूसच्या दोघी बाद झाल्या, त्यातली एक तर सुवर्णविजेती, आणि अनिता कागदावर चौथी झाली.

तिने हे सगळं मनाला लावून घेतलं असतं तर कुणी दोष दिला नसता. ती 2015, 2016, 2017 हे हंगाम एकदाही न हरता खेळली. रिओत 82.29 मीटरचा तेव्हाचा विश्वविक्रम करून सोनं घेतलं. 2017 ची जागतिक स्पर्धा लंडनच्या त्याच स्टेडियममध्ये होती आणि तिथे तिने सोनं जिंकलं. मग गुडघा गेला, शस्त्रक्रिया झाल्या, आणि त्यातून उठून टोकियोत 78.48 मीटर. नीरजच्या सुवर्णाच्या चारच दिवस आधी, त्याच मैदानावर. आपण सगळे भाल्यात गुंतलो होतो, ते साहजिकच, पण मला आजही वाटतं की त्या संध्याकाळी आपण फार मोठं काहीतरी चुकवलं. (2022 मध्ये गाडी फोडणाऱ्या चोराचा पाठलाग करून तिने त्याला पकडलं. पायाचा स्नायू फाटला आणि त्या वर्षीची जागतिक स्पर्धा हुकली. अशी आहे ही बाई.)

पॅरिसला ती एकोणचाळिशीला दोन दिवस कमी असताना अंतिम फेरीत उतरली. चौथी आली, कांस्यपदक चार सेंटीमीटरने गेलं. मला वाईट वाटलं, पण ते स्वच्छ चौथं स्थान होतं असं मी धरून चालतो. निदान स्पर्धेनंतर दहा वर्षं नमुने जपून ठेवले जातील, ही सोय आता नियमात आहे.

त्याच पॅरिसमध्ये जुन्या ऑलिंपिकची फेरवाटप झालेली काही पदकं आयफेल टॉवरसमोर प्रेक्षकांच्या साक्षीने दिली गेली. चांगली सुरुवात आहे, पण अपुरी. ॲथलेटिक्सची अशी पदकं मुख्य स्टेडियममध्येच द्यावीत, संध्याकाळच्या सत्रात, शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीआधी, राष्ट्रगीतासकट. बाद झालेल्या खेळाडूकडून बक्षिसाची रक्कम वसूल करून ती खऱ्या विजेत्याला व्याजासह द्यावी. आणि चौथीची तिसरी झालेल्या प्रत्येकीला त्या मैदानावर बोलवावं, तिच्या घरच्यांच्या तिकिटाचा खर्च ऑलिंपिक समितीने करावा. त्यांच्याकडे पैसे आहेत.