पापणी उचलण्याचं ऑपरेशन ‘फक्त दिसण्यासाठी’ नसतं

मोबाइलवर फिरणारा एक मेसेज सांगतो: वरची पापणी उतरणं हा वयाचाच भाग, ऑपरेशनने चेहरा तरुण दिसतो, नजरेला फायदा नाही, त्यापेक्षा एरंडेल तेल चोळा, ऑपरेशन केलंत तर डोळा मिटणार नाही.

‘नजरेला फायदा नाही.’ तक्त्यावरची अक्षरं बहुधा पूर्वीइतकीच दिसतात, एवढं खरं. पण बाहुलीच्या मध्यापासून वरच्या पापणीच्या कडेपर्यंत साधारण 4 ते 5 मिमी अंतर असतं. ते 2 मिमी किंवा त्याहून कमी झालं की वरचा भाग झाकला जातो: सिग्नल, फळीवरचा डबा, उघडं राहिलेलं कपाटाचं दार. दृष्टिक्षेत्राची तपासणी दोनदा करतात, एकदा पापणी आहे तशी ठेवून आणि एकदा चिकटपट्टीने वर धरून. दोन आलेखांतला फरक म्हणजे ऑपरेशनने परत मिळू शकणारी नजर.

शिवाय कपाळाचा स्नायू दिवसभर पापणी ओढून धरतो. संध्याकाळी कपाळ ठणकतं, हनुवटी वर करून बघायची सवय लागून मान आखडते. भुवईवर अंगठा दाबून धरा, पापणी खरी किती खाली आहे ते लगेच कळतं. पेपर वाचताना बोटाने पापणी उचलणाऱ्या माणसाला ‘हौस’ म्हणणं अन्यायाचं आहे.

‘तेल चोळा.’ उतारवयात बहुतेकदा पापणी उचलणारा स्नायू धडधाकट असतो. त्याला पापणीशी जोडणारा पातळ पडदा ताणलेला किंवा सुटलेला असतो. तो चोळून जोडला जात नाही, उलट आणखी ताणतो. ऑपरेशनमध्ये पापणीच्या घडीत चीर देऊन तो टाक्यांनी पुन्हा बसवतात. भुलीच्या इंजेक्शनने स्नायू सुस्तावतो आणि त्यातल्या अ‍ॅड्रेनॅलिनने पापणी थोडी चढते, म्हणून अंदाज चुकू शकतो. त्यासाठीच रुग्णाला मध्येच उठवून बसवतात आणि डोळे उघडायला सांगतात. एक पापणी उचलल्यावर कधी दुसरी उतरते, कारण दोन्हींना मेंदूचा हुकूम सारखाच असतो; हे आधीच तपासायला हवं. स्नायूची हालचाल 4 मिमीपेक्षा कमी असेल तर नुसते टाके पुरत नाहीत, पापणी कपाळाच्या स्नायूला जोडावी लागते.

‘डोळा मिटत नाही.’ सुरुवातीचे काही आठवडे झोपेत बारीक फट राहू शकते. रात्री मलम, दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब. पापणी गरजेपेक्षा जास्त उचलली गेली तर ती दुरुस्त करावी लागते. डोळे आधीच कोरडे असतील तर सर्जनला अगोदर सांगा. चष्म्याचा नंबरही थोडा बदलू शकतो, म्हणून नवा चष्मा दोन-तीन महिने थांबून करा.

‘वयाचाच भाग’ हे वाक्य सगळ्यात घातक. पापणी अचानक पडली, दोन-दोन दिसू लागलं, बाहुली मोठी झाली किंवा डोकं जोरात दुखू लागलं, तर त्याच तासाला हॉस्पिटल गाठा. मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा आलेला असू शकतो. सकाळी ठीक आणि संध्याकाळी उतरलेली पापणी मायस्थेनियाची, म्हणजे स्नायू लवकर थकवणाऱ्या आजाराची, असू शकते, तिथे आधी औषध. आणि बाळाची पापणी बाहुली झाकत असेल तर ‘मोठा झाल्यावर बघू’ म्हणू नका: झाकलेल्या डोळ्याने बघायला मेंदू शिकतच नाही, आणि पुढे पापणी उचलली तरी ती नजर पुरती येत नाही.