नवी गाडी घ्या हो, कुणीतरी!

तुम्ही अजून जुनीच गाडी चालवताय ना? की त्याहून वाईट, तुमच्याकडे गाडीच नाही? मग हे नीट वाचा. जगातल्या एका अवाढव्य धंद्याची झोप तुमच्यामुळे उडाली आहे आणि तुम्हाला त्याचं काही वाटतही नाही.

2017 साली जगभरात मिळून सुमारे 9.7 कोटी वाहनं कारखान्यांतून बाहेर पडली. कंपन्यांना वाटलं, दहा कोटी आता काय, आलेच. पण पुढच्याच वर्षी उतार लागला आणि 2020 च्या साथीत आकडा आठ कोटींच्या खाली गेला. पुढे चीनच्या जोरावर तो बराचसा सावरला, पण ज्यांनी जगाला गाडीचं वेड लावलं त्यांचीच माणसं शोरूमची पायरी चढेनाशी झाली. युरोपीय संघात 2019 मध्ये सुमारे 1.3 कोटी नव्या गाड्यांची नोंद झाली होती, 2024 मध्ये 1.06 कोटींची. ब्रिटनमध्ये 2016 साली जवळपास 27 लाख गाड्या विकल्या गेल्या, 2024 साली साडेएकोणीस लाख. मधले जे साडेसात लाख गळाले, ते सगळे तुमच्यासारखेच. 'बघू, पुढच्या वर्षी' म्हणणारे.

तर सुधारा. सुरुवात सोपी आहे: हिशेब करू नका. नव्या गाडीच्या सुखात सगळ्यात मोठा विघ्नसंतोषी कोण असेल तर तो कॅल्क्युलेटर. पार्किंगच्या अर्थकारणावर हयात घालवलेले अमेरिकन प्राध्यापक डॉनल्ड शूप सांगायचे, गाडी आयुष्यातला सुमारे 95 टक्के वेळ नुसती उभी असते. म्हणजे दिवसाकाठी जेमतेम सव्वा तास चालण्यासाठी उरलेले पावणेतेवीस तास तिला जागा द्यायची, विमा भरायचा, कर भरायचा, हप्ता भरायचा. असल्या प्राध्यापकांचं ऐकायचं नसतं. दागिने आपण रोज कुठे घालतो? आणि नवी गाडी पहिल्याच वर्षात किमतीचा साधारण पाचवा हिस्सा गमावते म्हणतात, ते तर अजिबात मनावर घेऊ नका. त्या पाचव्या हिश्श्यात तुम्हाला नव्या सीटचा वास मिळालेला असतो. वासाची किंमत कुणी करतं का?

शिवाय उभ्या गाडीची सेवा ही एक साधनाच आहे. रविवारी सकाळी खाली उतरायचं. कव्हरची गाठ आठवडाभरात घट्ट बसलेली असते, ती नखांनी सोडवायची. कव्हरवरची धूळ झटकताना निम्मी स्वतःच्या अंगावर घ्यायची. मग आत बसून इंजिन सुरू करायचं, बॅटरी उतरू नये म्हणून. दहा-पंधरा मिनिटं तसंच बसून राहायचं. गाडी सुरू आहे, काटा शून्यावर आहे, तुम्ही कुठेही चालला नाहीत. मग इंजिन बंद, कव्हर परत, गाठ परत, आणि कामाला जायला टॅक्सी बोलवायची, कारण तिकडे पार्किंग मिळत नाही. या समाधानाची सर भाड्याच्या गाडीला कशी येणार?

पैसे नाहीत ही सबब तर शंभर वर्षांपूर्वीच निकालात निघाली आहे. हेन्री फोर्डला उधारी आवडत नसे. गिऱ्हाइकाने आधी साठवावं, मग गाडी न्यावी, असं त्याचं जुनाट मत. जनरल मोटर्सने 1919 मध्ये कर्ज देणारी स्वतंत्र कंपनीच काढली. शोधायला गेलं तर आधुनिक मोटारीतला खरा क्रांतिकारक भाग इंजिन नव्हे, हप्ता आहे. त्याच कंपनीचा प्रमुख आल्फ्रेड स्लोन याने दरवर्षी नवं रूप, नवा रंग, नवी टोपी असा रिवाज पाडला. 1929 मध्ये तिथल्याच संशोधन विभागाचे प्रमुख चार्ल्स केटरिंग यांनी तर 'गिऱ्हाइकाला असमाधानी ठेवा' अशा अर्थाचा लेखच लिहिला. काय मोकळेपणा! गाडी बिघडायची वाट कशाला पाहायची, मन बिघडवलं की झालं. तुमचं मन अजून बिघडत नसेल तर दोष तुमचा.

आता एक गंभीर तक्रार, आणि ती कंपन्यांच्याच घरभेद्यांविरुद्ध आहे. इंजिनिअर मंडळींनी दगा दिला. पूर्वी गाडी दहा वर्षांत गंजून, खोकून, धूर ओकून मालकाला स्वतःच शोरूमपर्यंत ओढत न्यायची. हल्लीच्या गाड्या नीट तेलपाणी केलं तर दोन-दोन लाख किलोमीटर कुरकुर करत नाहीत. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांचं सरासरी वय 2024 मध्ये 12.6 वर्षांवर गेलं. बारा वर्षं एकच गाडी! अशाने विक्री कशी वाढायची? इतकी चांगली वस्तू बनवायला यांना सांगितलं कुणी होतं?

यावर सरकारांनी उपाय करून पाहिला, तो मात्र मानला पाहिजे. 2009 च्या मंदीत जर्मनीने जुनी गाडी मोडीत काढून नवी घेणाऱ्याला अडीच हजार युरो दिले. सुमारे वीस लाख गाड्या मोडीत निघाल्या, तिजोरीतून पाच अब्ज युरो गेले. अमेरिकेत त्याच वर्षी पावणेसात लाखांहून जास्त जुन्या गाड्या जमा झाल्या. त्या कुणी चोरून पुन्हा चालवू नयेत म्हणून डीलरने इंजिनातलं तेल काढायचं, त्या जागी सोडियम सिलिकेटचं द्रावण ओतायचं आणि इंजिन चालू करायचं. थोड्या वेळात ते आतल्या आत काचेसारखं घट्ट होऊन इंजिन जागच्या जागी जाम. चालत्या इंजिनाचा असा शास्त्रोक्त वध करायला जनतेच्या पैशातून तीन अब्ज डॉलर्स खर्ची पडले. नंतर अर्थतज्ज्ञांनी हिशेब मांडला, तर ज्यांनी गाड्या घेतल्या त्यांतले बहुतेक थोड्या महिन्यांत तशाही घेणारच होते. पुन्हा हिशेब! सांगितलं ना, कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा म्हणून.

तरुणांकडे वळू. खरे गुन्हेगार तेच, असं सगळ्या परिसंवादांत सांगतात. अमेरिकेत 1983 मध्ये सोळा वर्षांच्या मुलांपैकी 46 टक्क्यांकडे लायसन्स होतं, 2014 पर्यंत ते प्रमाण 25 टक्क्यांच्या आसपास आलं. का? तर म्हणे मोबाइल. यांना मालकी नको, अनुभव हवा. वस्तू नकोत, आठवणी हव्यात. हे वाक्य टाय लावून म्हटलं की फार शोभतं. तुम्हीही पाठ करून ठेवा, कुठल्याही बैठकीत चालतं.

फक्त एमआयटीचे ख्रिस्तोफर निटेल आणि एलिझाबेथ मर्फी यांच्या 2019 च्या अभ्यासाचा तिथे उल्लेख करू नका. त्यांनी ही तरुण पिढी आणि आधीच्या पिढ्या, दोघांचं उत्पन्न, शिक्षण, लग्न, मुलं, राहण्याची जागा असं सगळं सारखं धरून पाहिलं. मग दिसलं की गाडीच्या बाबतीत दोघांत फारसा फरकच उरत नाही. म्हणजे वेड तेच आहे. लग्न उशिरा होतंय, मूल उशिरा होतंय, पैसा उशिरा येतोय, तशी गाडीही उशिरा. पण 'पिढीची मानसिकता बदलली' हे कारण किती सोयीचं आहे बघा. मानसिकता बदलली म्हटलं की किंमत बघायला नको, पगार बघायला नको, आणि मुख्य म्हणजे आपण काय विकतोय तेही बघायला नको.

कारण विकतोय काय? 2023 मध्ये जगात विकल्या गेलेल्या गाड्यांत जवळपास निम्म्या एसयूव्ही होत्या. लहान, स्वस्त गाडी, जी घेऊन माणूस पहिल्यांदा मालक व्हायचा, ती एकेक करून कारखान्यातून काढून टाकली. फोर्डने फिएस्टासारखं ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षं पहिल्या नंबरावर खपलेलं मॉडेल 2023 मध्ये बंद केलं. लहान गाडीत नफा कमी, मोठीत जास्त, एवढा साधा हिशेब. (हो, कंपन्यांना हिशेब चालतो. बंदी फक्त तुम्हाला.) जिन्याच्या खालच्या चार पायऱ्या काढून टाकायच्या आणि मग वर उभं राहून विचारायचं, हल्लीची पोरं वर का येत नाहीत?

तेव्हा तुम्ही लहान गाडी मागायला जाऊच नका. शोरूममधला तरुण तुमच्याकडे अशा करुणेने बघेल की तुम्हीच ओशाळाल. 'बेस मॉडेल आहे सर, पण ते कुणी घेत नाही,' तो म्हणेल. 'थोडंसंच वर गेलात की सनरूफ येतं.' थोडंसं वर, अजून थोडंसं वर, असं करत तुम्ही टॉप मॉडेलवर पोचाल, हप्त्याची मुदत सात वर्षांवर जाईल आणि आकाश बघायला मिळेल.

वाटून वापरायचं खूळ मात्र डोक्यातून काढा. ते खूळ कंपन्यांनीच घातलं होतं ही गोष्ट वेगळी. मर्सिडीज बनवणाऱ्या डाइमलरने 2008 मध्ये जर्मनीतल्या उल्म शहरात मिनिटाच्या भाड्याने मिळणाऱ्या गाड्या आणल्या, तेव्हा मालकीचं युग संपलं अशा घोषणा झाल्या. पुढे बीएमडब्ल्यूशी हातमिळवणी झाली, 2020 मध्ये उत्तर अमेरिकेतला गाशा गुंडाळला, 2022 मध्ये सगळंच दुसऱ्याला विकायचं ठरलं. मालकीचं युग संपलं हे खरं, फक्त त्यात पैसा नव्हता.

आता मालकीही पूर्वीसारखी पूर्ण राहिली नाही, हे जाता जाता सांगायला हवं. 2022 मध्ये बीएमडब्ल्यूने काही देशांत सीट गरम करण्यासाठी महिन्याचं भाडं ठेवलं होतं. सीट तुमची, तिच्यातली तार तुमची, अख्खी गाडी तुमची, फक्त ऊब भाड्याने. लोकांनी आरडाओरडा केला म्हणून पुढच्या वर्षी ते मागे घेतलं. कृतघ्न लोक! 2023 मध्ये फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिला फाउंडेशनने 25 ब्रँडच्या गाड्यांची गोपनीयता तपासली, तर पंचवीसच्या पंचवीस नापास. गाडी तुम्ही कुठे जाता, किती जोरात जाता, कधी ब्रेक दाबता, सगळं टिपते. आयुष्यात कुणीतरी आपल्याकडे एवढं लक्ष द्यावं असं तुम्हाला वाटत नव्हतं का?

बटणंही गेली आहेत. पूर्वी एसी कमी करायला डावा हात जायचा, गोल खटका फिरवायचा, डोळे रस्त्यावरच. आता पडद्यावर बोट. पहिल्यांदा गाण्यांचं पान उघडतं. परत मागे. मग हवामान, पण ते बाहेरचं, आतलं नव्हे. मग पंख्याचं चित्र दिसतं, ते दाबायला जावं तर गाडी खड्ड्यातून जाते आणि बोट सीटच्या मसाजवर पडतं. समोरचा ट्रक एव्हाना बराच जवळ आलेला असतो. युरोपातल्या सुरक्षा चाचण्या घेणाऱ्या युरो एनकॅपने 2026 पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न यांना खरी बटणं नसतील तर पूर्ण गुण नाहीत असं ठरवलं. थोडक्यात, शंभर वर्षांच्या प्रगतीनंतर हॉर्न हॉर्नसारखा असावा यावर एकमत होत आलं आहे. नव्या जाहिरातीत 'खरी बटणं' हे आकर्षण म्हणून छापलेलं दिसलं, तर तेवढ्यासाठी तरी बुकिंग करा.

इतकं सांगूनही तुम्ही नाहीच घेणार असाल, तर किमान माणुसकी दाखवा. शोरूममधून फोन येईल, 'सर, गाडीचं काय ठरलं?' त्याला ट्रेनचं, सायकलचं, हवेचं काही सांगत बसू नका. त्या पोराला महिन्याचं टार्गेट असतं. 'दिवाळखोरी' वगैरे शब्दही काढू नका. एवढंच म्हणा, 'पुढच्या तिमाहीत नवं मॉडेल येतंय म्हणे, ते बघतो आणि सांगतो.' तो खूश होऊन तुमचं नाव 'नक्की घेणार' या यादीत टाकेल, त्याचा साहेब ती यादी वर पाठवेल, आणि वरचे लोक तुमच्या भरवशावर पुढच्या वर्षीच्या विक्रीचा अंदाज वाढवून जाहीर करतील.